पळीभर गावचं पाणी

मी पेटी बोलतेय. भजनातली नव्हे आणि कपड्यांची तर नव्हेच. सकाळी खारं पाणी पोटात घ्यायचं, दिवसभर ऊन खायचं आणि संध्याकाळपर्यंत गोडं पाणी काढून द्यायचं, अशी मी उन्हावर चालणारी पेटी. मला ना वीज लागते ना गॅस, आणि बटण म्हणाल तर एकही नाही. म्हणूनच की काय, पहिल्यांदा पाहणारा माणूस मला फिरवून फिरवून बघतो आणि विचारतो, "पण हिला चालू कुठून करायचं?"

आत्ता मी कुलदीपच्या टेम्पोत दोरांनी आवळून बांधलेली, चाकणच्या चौकात उभी आहे. पुढे कंटेनर, मागे झेंडूच्या फुलांनी भरलेला छोटा हत्ती टेम्पो, शेजारी हार घातलेली कोरी मोटारसायकल. आज दसरा. कंपन्यांना सुट्टी आहे, तरीही चौक काही सुट्टी घ्यायला तयार नाही. इथे अडकलेल्या माणसाने घाई करून उपयोग नसतो, हे या भागातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तेव्हा वेळ आहे तोवर माझी हकिगत सांगून टाकते.

माझ्या अंगावरची सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे माझी काच. पाच फूट लांब, तीन फूट रुंद. ती बसच्या खिडकीसाठी बनली होती. चाकणच्या एका कंपनीत ती तपासणीच्या टेबलावर आली तेव्हा समोर उभा होता ज्योतीराम. क्वालिटीचा माणूस. त्याने दिवा लावला, मान वाकडी केली आणि उजव्या कोपऱ्यात त्याला मोहरीएवढा एक बुडबुडा दिसला. झालं! लाल मार्करने फुली मारून गडी मोकळा. "रिजेक्ट." बसमध्ये बसणाऱ्या एकाही माणसाला तो बुडबुडा जन्मात दिसला नसता. पण ज्योतीरामला कोण सांगणार? हा माणूस घरी पोळीसुद्धा उजेडाकडे धरून बघतो, असं त्याची बायको तेजल म्हणते.

काच भंगारात गेली. आणि गंमत बघा, चार महिन्यांनी चिखलीकडच्या एका भंगाराच्या दुकानात तोच ज्योतीराम आला, काचेवर हात फिरवला, लाल फुली पाहिली आणि ओशाळून हसला. म्हणाला, "तूच का ती?" मग ती रिक्षाच्या टपावर बांधून घरी घेऊन आला. ज्याने नापास केलं, त्याच्याच हातून माझा जन्म व्हायचा होता.

कारण होती त्याची आई, इंदुताई.

इंदुताईंचं गाव अकोल्याकडे, पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात. तिथे जमिनीखालचं पाणीच खारं. विहीर खोदा, बोअर मारा, खारं ते खारंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाहुण्याला चहा दिला तर तो पहिल्या घोटाला दचकतो. इंदुताईंनी ते पाणी चाळीस वर्षं प्यायलं. गेल्या उन्हाळ्यात त्यांचं मूतखड्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, खारं पाणी बंद आणि रोज तीन लिटर चांगलं पाणी पोटात गेलंच पाहिजे. नळाला पाणी येतं तेव्हा ठीक, पण ते आठ-आठ दिवस येत नाही. ज्योतीरामने एकट्या आईला तिथून उचललं आणि चाकणजवळ मेदनकरवाडीत आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांत आणून ठेवलं.

आता दोन खोल्या, त्याही पहिल्या मजल्यावर. मुलगा आणि सून दोघंही शिफ्टला. खाली उतरलं की ट्रक. इंदुताई खिडकीत बसून ट्रक मोजायच्या. गावाकडे त्यांचं अंगणाचं घर, दोन एकर कापूस आणि शेजारच्या ठकुबाईशी रोजचं भांडण. या भांडणावाचून त्यांना अन्न गोड लागत नव्हतं. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी शेतात दहीभात ठेवून पूजा करतात, सीतादही म्हणतात तिला. ती एकदाही त्यांच्या हातून चुकली नव्हती. त्या रोज एकच विचारायच्या, "ज्योत्या, मले गावी कवा सोडतं?"

"तिथं पाणी कोणतं पिशीन?" तो विचारायचा. यावर इंदुताई पुन्हा ट्रक मोजायला लागायच्या.

त्या एका प्रश्नातून मी जन्मले. कंपनीत बाहेरून मशीन ज्या खोक्यांत येतात त्यांचं पिवळं लाकूड, त्याची माझी चौकट. आत पत्र्याचं उथळ ताट. त्याला पिण्याच्या टाकीला देतात तो काळा रंग, म्हणजे ऊन चांगलं शोषलं जावं. ताटाखाली आणि कडेने थर्माकोल. वर तिरकी बसवलेली काच. खालचं पाणी तापतं, त्याची वाफ होते, मीठ ताटातच राहतं, वाफ काचेला चिकटून तिचे थेंब होतात आणि ते घसरत घसरत कडेच्या स्टीलच्या पन्हळीत येतात. तिथून नळीने बाटलीत. समुद्राचं आणि ढगाचं जे चालतं तेच, फक्त पाच फुटांत.

पहिल्या दिवशी माझी सपशेल फजिती झाली. काच फार सपाट बसली होती, त्यामुळे थेंब घसरायचे सोडून टपाटप परत ताटात पडत होते. ज्योतीरामने उतार वाढवला. मग आठवडाभर पाण्याला रंगाचा वास यायचा, ते सगळं पाणी कुंड्यांना गेलं. मग एक दिवस वास गेला. कुलदीप म्हणजे त्यांच्याच गावचा टेम्पोवाला. त्याने गावच्या विहिरीच्या पाण्याचे चार निळे कॅन आणून दिले होते. त्यात ज्योतीरामने पाण्यातले क्षार मोजायचं खिशातलं मीटर बुडवलं. आकडा आला अठ्ठावीसशे. मग माझ्या बाटलीत बुडवलं. चौदा! तो दोन वेळा डोळे चोळून चौदा आकडा बघत होता आणि मला माझ्या काचेतून त्याचे दात दिसत होते.

पण खरी परीक्षक गच्चीवर माझ्याकडे आली ती जिना चढून, गुडघे धरत. इंदुताईंनी घोट घेतला, तोंडात खेळवला आणि म्हणाल्या, "फिकं हाये."

"आई, ते शुद्ध हाये."

"शुद्ध असंन बाप्पा. पन चव काही हाये का त्याले? पावण्यासारखं परकं लागते."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? चौदा आकडा काढायचा म्हणजे काय चेष्टा आहे? पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पाण्यात तुरीची डाळ शिजवली. ती अशी काही लोण्यासारखी शिजली की इंदुताई पळी हातात धरून नुसत्या बघत राहिल्या. आणि मग त्यांनीच तोड काढली. गावचं पाणी उकळून गार करायचं आणि माठभर माझ्या पाण्यात पळीभर टाकायचं. मुलगा ओरडायच्या आत त्यांनी त्याचंच मीटर माठात बुडवलं आणि त्याच्या नाकासमोर धरलं. दीडशे. क्वालिटीच्या माणसाला तो आकडा पास करावाच लागला.

मग ठरला करार. घट बसले की मोजायला सुरुवात. नऊ दिवस, रोज संध्याकाळी सहा वाजता, तीन लिटर. ज्योतीरामने बाटलीवर तिथे काळी रेघ ओढली. "एक दिवस जरी कमी पडलं तरी दिवाळी इथंच," तो म्हणाला. नऊही दिवस पास झाली तर दसऱ्याला कुलदीपच्या टेम्पोतून आई आणि पेटी, दोघी गावी.

अशी मी कामाला लागले. घटातल्या मातीत पेरलेल्या गव्हालाही इंदुताई माझंच पाणी घालायच्या, आणि कोंब काय तरारून वर आले म्हणून सांगू! यंदा परतीचा पाऊस वेळेत आटोपला होता, ऊन खणखणीत. तीन लिटर शंभर मिली, तीन दोनशे, एकदा तर तीन चारशे. पाचव्या दिवशी दुपारी ढग आले आणि पाणी जेमतेम रेघेला येऊन टेकलं, तेव्हा घरमालक दत्तोबासुद्धा गच्चीवर येऊन आभाळाला शिव्या देऊन गेले. दत्तोबा इथले जुने शेतकरी. जमिनीवर आता खोल्या उभ्या आहेत, पण ट्रॅक्टर त्यांनी अजून ठेवलाय. ज्योतीराम त्यांना तात्या म्हणतो.

आणि ज्योतीराम? तो रोज सहाला यायचा, रेघेला डोळा लावायचा, वहीत आकडा लिहायचा. पाणी रेघेच्या वर असलं की आईकडे बघून हसायचा. पण आई खाली गेली की तो कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहायचा. आठव्या दिवशी तो हळूच मला म्हणाला, "फारच चांगली चालायला लागलीस गं." ते काही कौतुक नव्हतं. मला समजलं की याला आई जायला नकोय.

नववा दिवस खंडेनवमीचा. हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा. या पट्ट्यात तर हा मोठा सण. कंपनीकंपनीत मशीन धुऊन पुसून हार घालतात आणि त्या दिवशी कोणी यंत्राला कामाला लावत नाही. ज्योतीराम सकाळीच कंपनीच्या पूजेला गेला होता. दत्तोबांनी खाली ट्रॅक्टर पुजला, पाण्याची मोटर पुजली. तेवढ्यात इंदुताई म्हणाल्या, "भाऊ, माह्या पेटीची बी करा ना पूजा."

"आवो मंग! ती काय परकी हाय व्हय?" असं म्हणत दत्तोबा ताट घेऊन वर.

त्यानंतर जे झालं त्याला पूजा म्हणण्यापेक्षा सत्कार म्हणा. इथल्या लोकांना सत्काराची भारी हौस. आधी काचेवर हळदीकुंकवाची पाच बोटं. मग झेंडूची माळ, लांबीला कमी पडली म्हणून दुसरी, दोन्हींमध्ये फट राहिली म्हणून तिसरी. मग दत्तोबांना आठवलं की गेल्या महिन्यात त्यांना मिळालेली शाल घरात पडून आहे. ती आणून त्यांनी माझ्या अंगावर पांघरली. आणि मग नारळ हातात घेऊन ते फोडायला कडक जागा शोधू लागले आणि त्यांची नजर येऊन थांबली माझ्या काचेवर.

"भाऊ!" इंदुताई अशा किंचाळल्या की खालचं कुत्रं भुंकायला लागलं.

नारळ कठड्यावर फुटला. मी वाचले. दत्तोबांनी माझ्या चौकटीवर थोपटलं आणि म्हणाले, "लय राबली. आज इसावा घे गं बाई."

आणि सगळे हसत खाली निघून गेले. मी शालीखाली अंधारात. बाहेर नवमीचं ऊन पडलेलं, आणि माझ्या पोटातलं पाणी सकाळी होतं तसंच थंडगार. आठ दिवस जिच्यासाठी राबले, तिच्याच प्रेमाच्या सांगण्यावरून माझं तोंड झाकलं गेलं होतं. सांगणार कशी? मला तोंड आहे ते फक्त नळीचं, आणि त्यातून तर थेंबही येत नव्हता.

अकराच्या सुमाराला लोखंडी जिना वाजला. ज्योतीराम. पेढ्याचा पुडा हातात, कपाळाला टिळा. त्याने शाल पाहिली, माळा पाहिल्या, बाटली पाहिली. बाटली कोरडी. दुसरं कोणी असतं तर समजलं नसतं, पण याला एका क्षणात सगळं समजलं. हात पुढे करून शाल ओढली असती की काम झालं असतं. तो हात शालीपर्यंत आला आणि थांबला.

मी त्याला दोष देत नाही. सहा महिन्यांपूर्वी आईच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्याने काय भोगलं ते मी पाहिलेलं नाही, पण त्याचा तो थांबलेला हात पाहून मला कळलं. नुसतं काही न करता खाली जायचं होतं. आई राहणार होती. आणि चूक कोणाचीच नव्हती.

तो खाली गेला. जिना पुन्हा वाजला.

ऊन डोक्यावर आलं. खालच्या खोलीची खिडकी उघडी होती, तिथून इंदुताईंचा आवाज यायचा. त्या बोचकं बांधत होत्या. ठकुबाईसाठी घेतलेली वेणी वर ठेव, चुरगळेल, असं तेजलला सांगत होत्या. मग त्या गाणं गुणगुणायला लागल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना बोलताना ऐकलं होतं, कुरकुरताना ऐकलं होतं, गाताना पहिल्यांदाच ऐकत होते.

साडेबाराला जिना धडाधडा वाजला. ज्योतीराम दोन-दोन पायऱ्या चढून वर आला. शाल ओढून काढली, माळा उतरवल्या, ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, मग कोरड्या फडक्याने काच लख्ख केली. त्याचे कान लाल झाले होते. "चाल," तो मला म्हणाला, "चाल आता. जेवढं होईल तेवढं कर."

आणि मी केलं हो! जन्मात एवढं ऊन खाल्लं नव्हतं तेवढं खाल्लं. काचेचा कणन् कण थेंबांनी भरून गेला. चारला वारा सुटला, काच गार झाली, पोट मात्र तापलेलंच होतं, मग तर थेंबांची रांगच लागली. पण गेलेली सकाळ ती गेलीच.

सहा वाजता सगळे गच्चीवर. इंदुताई नवं लुगडं नेसलेल्या, तेजल, दत्तोबा आणि टेम्पो घेऊन आलेला कुलदीप. ज्योतीरामने बाटली उचलून उजेडात धरली. दोन लिटर दोनशे. रेघेपासून चांगलं गडूभर खाली.

दत्तोबांनी कठड्यावर पडलेल्या शालीकडे पाहिलं, मग माळांकडे, आणि कपाळाला हात लावला. "आयला! म्या झाकली व्हय!"

"तुमी नाही भाऊ, मीच सांगतलं पूजा करा म्हून," इंदुताई म्हणाल्या. त्यांनी बाटली त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवली. मग पदर खोचला. "बरं. तेजल, बोचकं सोड बाई. दिवाळीपावतर रायतो मी."

त्यांचा आवाज इतका साधा होता की मला ऐकवेना.

ज्योतीरामने खिशातून वही काढली. पेन उघडलं. आठ ओळींखाली नववी ओळ रिकामी होती. तो लिहिता लिहिता थांबला आणि म्हणाला, "आई, आज खंडेनवमी हाये. आज आमच्या कंपनीतली एकही मशीन चालू नव्हती. सुट्टीचा दिवस प्रॉडक्शनमध्ये धरत नसतात."

"आन् न्हाई धरायचाच!" दत्तोबा एकदम ताठ झाले. "आजच्या दिशी यंत्र चालवलं असतं तर त्यो खरा दोष! आठ दीस धरा. आठी पास हायेत का न्हाई?"

इंदुताई मात्र मुलाकडेच बघत होत्या. "ज्योत्या, उणं माप पास करून राह्यला तू?"

त्याने मान खाली घातली. "शाल मी अकरालाच पाह्यली होती, आई. दीड घंटा काढली नाही."

इंदुताई जवळ गेल्या आणि त्याच्या कानाला धरलं, लहानपणी धरत असतील तसंच. "जिना वाजला तवाच समजलं मले, काहीतरी हाये म्हून. वर गेला अन् तोंड पाडून खाली आला. पन मंग दुसऱ्यांदा धावत गेला का नाही? बस झालं." आणि कान सोडून त्याच्या गालावरून हात फिरवला. "मी काही मरायले नाही जात रे तिकडं. घरी चालली."

तेजल रडत होती आणि हसतही होती. ज्योतीरामने वहीच्या नवव्या ओळीत लिहिलं: सुट्टी. मग खिशातून हिरवा मार्कर काढला, माझ्या काचेच्या कोपऱ्यात वाकला आणि आपल्याच जुन्या लाल फुलीशेजारी, त्या मोहरीएवढ्या बुडबुड्याजवळ, मोठी बरोबरची खूण केली. त्या क्षणी माझ्या काचेवर आतून आणखी चार थेंब जमले. ते वाफेचे होते असं तुम्ही म्हणा हवं तर.

ही अशी माझी कथा. आज सकाळी निघताना ज्योतीरामने मला आपट्याचं पान वाहिलं. काचेवर ठेवलं, मग स्वतःच उचललं आणि लाकडाच्या कोपऱ्यात खोचलं. शहाणा झाला. तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावचं पाणी खारं असेल आणि माझ्यासारखी कोणी तुमच्या अंगणात आली, तर तिला हार नको, शाल नको, नारळ तर दुरूनच दाखवा. सकाळी ओल्या फडक्याने तिची काच पुसा. आम्हाला तीच पूजा पावते.

अरेच्चा, बोलता बोलता एक राहिलंच. निघताना इंदुताईंनी माझ्या ताटात चार तांबे पाणी ओतलं होतं. "रिकाम्या पोटी कशाला न्यावं तिले?" म्हणाल्या. आणि चाकणच्या या चौकात आपली गाडी उभी राहून दोन तास झाले. माथ्यावर दसऱ्याचं ऊन. तेव्हा माझ्या बाटलीत चांगलं पेलाभर पाणी जमलंय! मोटारसायकलवरून निरोप द्यायला आलेला ज्योतीराम अजून टेम्पोच्या शेजारीच अडकलाय. निरोप केव्हाच देऊन झाला, पण जायला जागाच नाही.

इंदुताई खाली उतरल्या, बाटली सोडवली आणि त्याच्यापुढे धरली. "घे. नऊ दिवस नुसतं मोजलं. पेला का एकदा तरी?"

खरंच की! त्याने ते कधी चाखलंच नव्हतं. हेल्मेट काढून त्याने एका दमात सगळं पाणी प्यायलं. तोंड वाकडं केलं आणि मग खळखळून हसला. "आई, हे तर फिकं हाये!"

"मंग? मी काय सांगून राह्यली होती?" इंदुताई टेम्पोत चढता चढता म्हणाल्या. "त्याच्यात पळीभर गावचं पाणी टाकायले येजो दिवाळीले."

पुढचा कंटेनर हलला. कुलदीपने गिअर टाकला. मागून ज्योतीराम ओरडतोय, "येतो! दिवाळीला नक्की येतो!" आणि त्याने हात हलवायच्या ऐवजी बाटली उंच धरली आहे, उजेडात, सवयीने. ती रिकामी आहे. चला, निघते मी. सीमोल्लंघन झालं.